जपान आणि शेजारी : वाद मिटवला गेला, पण मिटला का?

पैलतीर

परवा चाकणला एका कारखान्यात बैठकीसाठी दुभाषी म्हणून गेले होते. माल तीन दिवस उशिरा पोचला होता. आपल्याकडच्या व्यवस्थापकांनी उभं राहून जपानी साहेबांना म्हटलं, "तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत." मी त्याचं जपानीत 'गोमेइवाकु ओ ओकाके शिमाशिता' केलं. साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा मुद्दा काढला. उशिरा आलेल्या मालासाठी 'मेइवाकु' हा शब्द चपखल आहे. कुणी आपल्यासाठी चहा ठेवला की आपण "उगाच त्रास दिला तुम्हाला" म्हणतो, तिथेही हाच शब्द चालतो.

हाच शब्द २५ सप्टेंबर १९७२ रोजी बीजिंगच्या मेजवानीत वापरला गेला. जपानचे पंतप्रधान काकुएइ तानाका चीनशी संबंध जोडायला गेले होते. आपल्या देशाने चिनी जनतेला मोठा 'मेइवाकु' दिला, याबद्दल खोल आत्मपरीक्षण व्यक्त करतो, असं ते बोलले. दुभाष्याने 'मेइवाकु'साठी 'माफान' हा चिनी शब्द घेतला. 'माफान' म्हणजे खटाटोप, तसदी. सभागृहात कुजबुज झाली. रस्त्याने जाताना एखाद्या बाईच्या कपड्यांवर चुकून पाणी सांडलं तर आम्ही हा शब्द वापरतो, असं दुसऱ्या दिवशी चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी सुनावलं. नानजिंगच्या हत्याकांडासाठी, आठ वर्षांच्या युद्धासाठी, सांडलेल्या पाण्याचा शब्द! चार दिवसांनी, २९ तारखेला सही झालेल्या संयुक्त निवेदनात मग जड शब्द आले: युद्धातून चिनी जनतेला दिलेल्या गंभीर हानीची जबाबदारी जपान तीव्रतेने जाणतो आणि खोल आत्मपरीक्षण करतो. त्याच निवेदनात चीनने युद्धभरपाईवरचा हक्क सोडला.

मी एकोणीस वर्षं दुभाषी म्हणून काम करते आहे. हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या दुभाष्यासाठी घाम फुटला होता. आज मात्र वाटतं की चूक एकट्या शब्दाची नव्हती. त्या मेजवानीत दोन सरकारं बसली होती. ज्यांच्यावर बेतलं होतं ते तिथे नव्हतेच. जपान आणि शेजाऱ्यांच्या प्रत्येक कराराकडे मी आता याच नजरेने बघते. आपल्या भाषेत 'वाद मिटणं' वेगळं आणि 'वाद मिटवणं' वेगळं. जपानने शेजाऱ्यांशी असलेले वाद पुष्कळदा मिटवले. ते मिटले मात्र फार थोडे.

सगळ्यात ठळक उदाहरण कोरियाचं. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला, ३५ वर्षं राज्य केलं. युद्धानंतर दक्षिण कोरियाशी संबंध जोडायच्या वाटाघाटी १९५१ मध्ये सुरू झाल्या आणि १४ वर्षं चालल्या. २२ जून १९६५ ला करार झाला. जपानने ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर सवलतीचं कर्ज द्यायचं आणि सगळे दावे 'पूर्णपणे आणि अंतिमतः' सुटले असं मानायचं. त्याआधी वर्षभर सोलच्या रस्त्यांवर विद्यार्थी या वाटाघाटींविरुद्ध उतरले होते आणि राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही यांना जून १९६४ मध्ये लष्करी कायदा लावावा लागला होता.

या कराराचं दुसरं कलम मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. १९१० चा विलीनीकरणाचा करार रद्दबातल आहे, एवढंच तिथे म्हणायचं होतं. पण कधीपासून रद्दबातल? कोरिया म्हणत होता, मुळातच. जपान म्हणत होता, तेव्हा कायदेशीर होता, नंतर रद्द झाला. तोडगा एका क्रियाविशेषणात निघाला. जपानी मसुद्यात 'मोहाया', म्हणजे 'आता उरलेला नाही'. कोरियन मसुद्यात 'इमि', म्हणजे 'आधीच'. दोन्ही बाजूंनी आपापल्या संसदेत आपापला अर्थ सांगितला. कारागिरी म्हणून मी याला दाद देईन. पण त्या एका शब्दाखाली झाकलेलं सगळं पुढची ६० वर्षं वर येत राहिलं.

१४ ऑगस्ट १९९१ ला किम हाक सुन नावाच्या वृद्ध बाई सोलमध्ये पत्रकारांसमोर बसल्या आणि जपानी सैन्याच्या 'सांत्वनगृहां'त, म्हणजे सैनिकांसाठी बायकांना डांबून ठेवायचे तिथे, आपल्याशी काय झालं ते स्वतःच्या नावानिशी बोलल्या. ६५ च्या कागदात या बायकांचा उल्लेखही नव्हता. १९९३ मध्ये जपान सरकारने कोनो निवेदनात सैन्याचा सहभाग मान्य केला. २८ डिसेंबर २०१५ ला दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी नवा करार जाहीर केला: १ अब्ज येनचा निधी आणि हा प्रश्न आता 'अंतिम आणि अपरिवर्तनीय' रीतीने सुटला. हयात असलेल्या ४७ जणींपैकी बहुतेकींनी पैसे घेतले, हेही सांगायला हवं. पण करार होईपर्यंत आम्हाला कुणी विचारलं नाही, हे काहीजणी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. तीन वर्षांत तो निधी गुंडाळला गेला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मी त्सुशिमाला गेले होते. नकाशात बघा, हे जपानी बेट कोरियाच्या बुसान बंदरापासून जेमतेम ५० किलोमीटर आहे आणि फुकुओकापासून त्याच्या दुपटीहून जास्त लांब. तीसेक हजार वस्ती. २०१८ मध्ये तिथे चार लाखांवर कोरियन पर्यटक आले होते. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळातल्या सक्तीच्या मजुरांना जपानी पोलाद कंपनीने भरपाई द्यावी असा निकाल दिला. जुलै २०१९ मध्ये जपानने सेमीकंडक्टरसाठी लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. कोरियात जपानी मालावर बहिष्कार सुरू झाला. मी पोचले तेव्हा हिताकात्सु बंदरासमोरच्या गल्लीत हंगुल या कोरियन लिपीतल्या पाट्या होत्या आणि शटरं खाली. एका खानावळीत मी एकटीच गिऱ्हाईक. मालकीणबाई भिंतीवरची कोरियन दरपत्रकं फडक्याने पुसत होत्या. उतरवली नव्हती त्यांनी. टोकियो आणि सोलमधल्या भांडणाचा हिशेब या बाईंच्या गल्ल्यातून वळता होत होता.

या बेटावर अठराव्या शतकात आमेनोमोरी होशू नावाचे पंडित होते. त्यांनी बुसानला राहून कोरियन शिकली, १७२७ मध्ये त्सुशिमात दुभाष्यांची शाळा काढली. माझ्या व्यवसायाचे ते पूर्वज. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या दाइम्योसाठी, म्हणजे तिथल्या सरदारासाठी, 'कोरिन तेइसेइ' नावाचं टिपण लिहिलं. 'कोरिन'चा माझा अनुवाद ठरलेला आहे: शेजारधर्म. फसवायचं नाही, चढाओढ करायची नाही, खरेपणाने वागायचं, हे त्याचं सार. शेजाऱ्याच्या चालीरीती माहीत नसतील तर खरेपणाही दाखवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

तुमची मतं वाचायला आवडतील. विरोधी असली तरी.

सह्यकडा

पैलतीर ताई, लेख आवडला, पण मला पटलेला नाही. स्पष्ट लिहितो.

माफी किती वेळा मागायची? १९९३ ला कोनो, १९९५ ला मुरायामा, १९९८ ला ओबुची, २०१५ ला पुन्हा. मुरायामांच्या निवेदनात तर 'मनापासून माफी' हे शब्द आहेत. ६५ च्या पैशातून कोरियाने पोहांगचा पोलाद कारखाना उभारला. देशाने पैसे घेतले, देश उभा राहिला आणि ५० वर्षांनी न्यायालय म्हणतं की व्यक्तींचे दावे शिल्लक आहेत. मग कुठल्याही करारावर सही कशाच्या भरवशावर करायची?

दुसरं. जपानच्याही जखमा आहेत, त्यांबद्दल कुणी बोलत नाही. मेगुमी योकोता १३ वर्षांची होती. १५ नोव्हेंबर १९७७ ला निइगाता शहरात शाळेतून घरी येताना उत्तर कोरियाच्या हेरांनी तिला पळवलं. जपान सरकारच्या अधिकृत यादीत अशी १७ माणसं आहेत. २००२ मध्ये पाच परत आली. मेगुमीचे वडील ४० वर्षांहून जास्त काळ तिची वाट बघत राहिले, तिच्यासाठी सह्या गोळा करत फिरले आणि २०२० मध्ये गेले. शेजारी असा असताना शेजारधर्म कुठला?

पैलतीर

सह्यकडा, मेगुमीचा विषय काढलात हे फार बरं केलंत. माझा मुद्दा याहून चांगला दुसऱ्या कशाने मांडता येणार नाही.

१७ सप्टेंबर २००२ ला जपानचे पंतप्रधान कोइझुमी उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्याँगयांगला गेले. तिथले सर्वेसर्वा किम जोंग इल यांनी अपहरणं तोंडी मान्य केली, माफीही मागितली. पण त्या दिवशी सही झालेला प्याँगयांग जाहीरनामा वाचा. त्यात 'अपहरण' हा शब्दच नाही! 'जपानी नागरिकांच्या जीविताशी आणि सुरक्षिततेशी निगडित प्रलंबित प्रश्न' असं आहे. मेगुमीच्या आईवडिलांनी हे वाचलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? आपली मुलगी म्हणजे 'प्रलंबित प्रश्न'. मुलगी मेली असं त्यांना सांगण्यात आलं, नंतर अस्थी म्हणून जे पाठवलं त्याचा डीएनए तिचा नाही, असं जपान सरकारने जाहीर केलं. त्या कुटुंबाला उद्या कुणी म्हटलं की सरकारांनी सही केली, आता विसरा, तर आपण ऐकून घेऊ का? नाही ना? मग सोलमधल्या आजींना ते कसं सांगायचं?

कराराचं पावित्र्य राखलं पाहिजे, इथे मी तुमच्याशी सहमत आहे. २०१५ चा निधी कोरियाने ज्या रीतीने बंद केला ते मलाही रुचलं नव्हतं. आणि माफी मागितलीच नाही असं मी म्हटलेलं नाही. मागितली, आणि काही वेळा फार चांगल्या शब्दांत. ऑक्टोबर १९९८ मध्ये पंतप्रधान ओबुची आणि कोरियाचे राष्ट्राध्यक्ष किम दे जुंग यांच्या जाहीरनाम्यात 'मनापासून माफी' कोरियाचं नाव घेऊन, कागदावर आली. त्याला किम यांनी मोकळ्या मनाने प्रतिसाद दिला आणि कोरियात जपानी चित्रपट-गाण्यांवरची बंदी टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात केली. चारच वर्षांनी दोघांनी मिळून फुटबॉलचा विश्वचषक भरवला. ओबुची-किम जाहीरनाम्याच्या पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९९८ मध्ये, चीनचे राष्ट्राध्यक्ष च्यांग झेमिन टोकियोला आले, त्यांनाही तसाच लेखी शब्द हवा होता. मिळाला नाही. तो जाहीरनामा सहीशिवाय निघाला.

पण शब्द दिल्यावर वागणंही जुळायला हवं. युद्धात मेलेल्यांसाठीच्या टोकियोतल्या यासुकुनी देवळात १९७८ मध्ये १४ 'अ' वर्गातल्या युद्धगुन्हेगारांची नावं गुपचूप समाविष्ट झाली. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर तिथे गेले नाहीत, सम्राट झाल्यावर त्यांचा मुलगा आणि नातूही नाहीत. कोइझुमी मात्र २००१ ते २००६ दरवर्षी गेले, आबे २०१३ च्या डिसेंबरात गेले. एक पंतप्रधान माफी मागतो आणि पुढचा तिथे हात जोडतो. शेजाऱ्याने यातलं खरं काय मानायचं?

दर्यावर्दी

व्यापारी जहाजावर २६ वर्षं काढली, त्सुशिमाच्या सामुद्रधुनीतून कितीतरी वेळा गेलो. ताईंनी बेट जमिनीवरून दाखवलं, मी पाण्यावरून सांगतो.

जपानने १९७७ च्या कायद्याने आपली सागरी हद्द १२ मैल केली, पण पाच सामुद्रधुन्यांत ती मुद्दाम ३ मैलांवरच ठेवली. त्सुशिमाच्या दोन्ही बाजू त्यांत येतात. त्यामुळे मधोमध खुल्या समुद्राची पट्टी उरते आणि कुठल्याही देशाचं जहाज, युद्धनौकासुद्धा, कुणाची परवानगी न घेता तिथून जातं. सगळी हद्द ओढून घेतली असती तर रोज एक नवं भांडण झालं असतं. शेजाऱ्याशी कसं वागावं याचा जपानला कळलेला हा एक शहाणपणाचा धडा, याबद्दल वर्तमानपत्रात फारसं येत नाही.

आणि एक. त्याच समुद्राला जपानी 'जपान समुद्र' म्हणतात, कोरियन 'पूर्व समुद्र'. बुसानच्या पायलटसमोर आम्ही दोन्ही नावं टाळायचो. नुसतं 'बाहेर' म्हणायचो.

सेनकाकू या वादातल्या बेटांबद्दलही थोडं. चीन त्यांना त्याओयू म्हणतो. बेटं निर्मनुष्य. ऑक्टोबर १९७८ मध्ये चीनचे नेते तंग श्याव फिंग टोकियोत म्हणाले होते की आमच्या पिढीला हे सोडवण्याइतकं शहाणपण नाही, पुढची पिढी जास्त शहाणी असेल. सप्टेंबर २०१२ मध्ये जपान सरकारने त्यातली तीन बेटं खासगी मालकाकडून २०५ कोटी येनला विकत घेतली. टोकियोचे राज्यपाल इशिहारा ती घेऊन तिथे काही बांधण्याआधी आपण घ्यावीत, असा सरकारचा हिशेब होता. चीनने त्याला राष्ट्रीयीकरण मानलं, शहराशहरांत जपानी दुकानं फुटली. तेव्हापासून चिनी तटरक्षक जहाजं तिथून हललेली नाहीत. पुढची पिढी आली, पण पाणी अजून तसंच गढूळ आहे.

प्राजक्त

आग्नेय आशिया राहिला, म्हणून थोडक्यात. जानेवारी १९७४ मध्ये तानाका जकार्ताला गेले तेव्हा शहर पेटलं होतं. जपानी गाड्या जाळल्या, माणसं मेली. जपानने तिथे युद्धभरपाई दिली होती, कारखाने काढले होते, तरी लोक संतापलेले. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९७७ मध्ये, पंतप्रधान फुकुदा यांनी मनिलात भाषण केलं: जपान पुन्हा लष्करी सत्ता होणार नाही, आणि या देशांशी 'हृदयापासून हृदयापर्यंत' विश्वासाचं नातं जोडेल. त्यानंतरच्या सगळ्या सरकारांनी ती भूमिका बऱ्यापैकी सांभाळली. आज त्या भागात जपानबद्दल चांगलं बोलतात ते त्यामुळे. ताईंच्या भाषेत, इथे बरंचसं 'मिटलं'.

निशिकासाईकर

टोकियोत ११ वर्षं आहे, म्हणून इथलं रोजचं सांगते.

शिन-ओकुबो हा कोरियन दुकानांचा भाग. शनिवारी तिथे जपानी शाळकरी मुलींची इतकी गर्दी असते की पाय ठेवायला जागा नसते. माझ्या मुलीच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी घरी बसून कोरियन शिकतात. त्याच भागात दहा-बारा वर्षांपूर्वी कोरियन लोकांनी निघून जावं म्हणून मोर्चे निघायचे. २०१६ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

चीनबाबत मात्र हवा बिघडली आहे. पंतप्रधान ताकाइची यांनी ७ नोव्हेंबर २०२५ ला संसदेत सांगितलं की तैवानवर बळाचा वापर झाला तर तो जपानच्या अस्तित्वावरचं संकट ठरू शकतो. आठवड्याभरात चीनने आपल्या नागरिकांना जपानला जाऊ नका म्हणून सांगितलं. जानेवारी २०२६ मध्ये उएनोच्या प्राणिसंग्रहालयातली शेवटची पांडांची जोडी परत गेली. १९७२ मध्ये, ताईंनी वर सांगितलेल्या त्या निवेदनानंतर महिन्याभरात पहिली जोडी आली होती. आम्ही मुलीला घेऊन गेलो होतो. रांगेत माझ्यापुढच्या आजी रडत होत्या. त्यांनी पहिली जोडी लहानपणी पाहिली होती.

उएनोचा आपल्याशीही धागा आहे. युद्धात तिथले हत्ती उपाशी ठेवून मारले होते. जपानी मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली आणि १९४९ मध्ये भारतातून 'इंदिरा' नावाची हत्तीण आली. १९५२ मध्ये आपण जपानशी वेगळा शांतता करार केला आणि भरपाईचे दावे सोडले. अटल सेतूपर्यंतच्या जपानी कर्जांमागचा स्नेह तेव्हापासूनचा आहे. पण आपल्याला हे सोपं होतं. मणिपूर-नागालँडचा कोपरा सोडला तर आपल्या गावांत जपानी सैन्य शिरलं नव्हतं. अंदमानातल्या लोकांना विचारलं तर त्यांची आठवण वेगळी निघेल.

सह्यकडा

प्याँगयांग जाहीरनाम्यात 'अपहरण' शब्द नाही हे मला माहीत नव्हतं. काल रात्री वाचून काढलं, खरंच नाही. सही झालेला कागद पाळायलाच हवा हे माझं मत कायम आहे. पण कागद करताना ज्यांचं दुःख आहे त्यांना खोलीत बसवायला हवं होतं, हे मान्य करतो.

एक प्रश्न. वर्तमानपत्रात त्सुशिमाच्या चोरलेल्या बुद्धमूर्तीबद्दल वाचलं होतं. त्याचं पुढे काय झालं?

पैलतीर

सह्यकडा, मनापासून आभार.

मूर्ती कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची. काशाची, बसलेली, उंची ५० सेंटिमीटर. २०१२ मध्ये कोरियन चोरांनी त्सुशिमाच्या कान्नोनजी देवळातून ती पळवली आणि कोरियात पकडले गेले. मग सोसानच्या बुसोकसा मठाने दावा केला की चौदाव्या शतकात ही आमच्यासाठीच घडवली होती, जपानी चाच्यांनी लुटून नेली. मूर्तीच्या पोटातल्या लेखात त्या मठाचं नाव होतं, त्यामुळे दावा पोकळ नव्हता. २०१७ मध्ये खालच्या न्यायालयाने मठाच्या बाजूने निकाल दिला, वरच्या न्यायालयाने तो फिरवला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतक्या वर्षांच्या ताब्यामुळे मालकी कान्नोनजीची ठरवली.

इथपर्यंत हा नेहमीचा खटला. पण मग बुसोकसाने विनंती केली की परत पाठवण्याआधी १०० दिवस आम्हाला पूजा करू द्या. आणि कान्नोनजीने हो म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये मूर्ती सोसानला गेली, लोकांनी दर्शन घेतलं, मे महिन्यात त्सुशिमाला परतली. दोन्हीकडचे भिक्षू एकमेकांना भेटले होते, समोरासमोर बोलले होते. मला तर वाटतं, मालकी न्यायालयाने ठरवली आणि ते १०० दिवस या माणसांनी ठरवले.

दर्यावर्दी

ताई, पुढच्या वर्षी बायकोला घेऊन बुसानला जायचं आहे. तिथून त्सुशिमा एका दिवसात होतं का?

पैलतीर

दादा, बुसान ते हिताकात्सु वेगवान बोट दीड तासात पोचते, पण एका दिवसात घाई होईल. रात्र राहा. उत्तर टोकाला कोरिया दिसणारी चौकी आहे, आकाश स्वच्छ असेल तर अंधार पडल्यावर बुसानचे दिवे दिसतात. दुसऱ्या दिवशी बसने इझुहाराला जा, अडीच तास लागतात, रस्ता वळणांचा आहे, वहिनींना बस लागत असेल तर गोळी घेऊन बसवा. तिथे चोजुइन देवळाच्या मागे आमेनोमोरी होशूंचं थडगं आहे. झाडीतून वर जावं लागतं. माझ्या वतीने तिथे एक फूल ठेवा.